घरचं एक डोकं

आकारामतात्या त्या संध्याकाळी जोतिबाच्या गुऱ्हाळावर आले ते एका पाहुण्याला घेऊन. सांगलीचा दोस्त आहे, आज रात्री इथेच बसेल, विस्तव आणि चार माणसं असली की त्याला बरं वाटतं, एवढंच म्हणाले. पाहुण्याने घोंगडं पांघरलेलं, दाढी वाढलेली. काहिलीखालच्या चुलवाणाजवळ ऊब होती तिथे न बसता तो खोपटाच्या कुडाला पाठ लावून बसला. जोतिबाने आपल्या घरची भाकरी आणि झुणका त्याच्यापुढे ठेवला. तो हात लावेना.

"लाजू नगासा पावनं," जोतिबा म्हणाला. "आता तुमी आमच्या घरचंच."

पाहुण्याने दचकून तात्यांकडे पाहिलं. तात्या चुलवाणातल्या निखाऱ्यावर विडी पेटवत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. भुकेल्या माणसाने भाकरीकडे नुसतं किती वेळ बघावं? त्याने खाल्ली.

अठ्ठेचाळीस साल संपत आलं होतं. कुंडलच्या ओढ्याकाठी थंडी अशी, की तोंड चुलवाणाकडे केलं तर पाठ गारठायची आणि पाठ केली तर तोंड. काहिलीत रस उकळत होता. आम्ही चुलवाणात चिपाडं सारत बसलो होतो आणि जोतिबा आपल्या चुलतभावाच्या नावाने शिव्या मोजत होता. भाऊ दरसाल बांध कोरतो म्हणून याने आता युक्ती काढली होती. खिशातून त्याने शेंदराची पुडी काढून दाखवली. बांधावरच्या दगडाला उद्या शेंदूर फासायचा. देवाच्या दगडाला नांगर लावायला कुणाची छाती होते ते बघू. आम्ही हसलो. तात्या हसले नाहीत.

तात्या शाळामास्तर. गोष्ट सांगायला बसले की वर्गात बोलावं तसं शुद्ध बोलायचे, आणि राग आला की गावचं. भुतंखेतं खोटी असतात हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं, त्यामुळे ते भुताचं बोलले की जास्तच भ्या वाटायचं.

"पुडी ठेव खिशात," ते म्हणाले. "शेंदूर लावायला अक्कल लागत न्हाई रं. पर देव केलास का त्याला खायाला घालावं लागतं." मग विडी विझवून, एकदा पाहुण्याकडे बघून, त्यांनी सांगायला सुरुवात केली. कुणी झोपायचं नाही, ही अट घालून.

माझा एक दोस्त आहे, मानसिंग. माझ्याच शाळेत शिकला, पुढे पलटणीत गेला. लढाईत मिसरच्या वाळवंटात होता. तिथल्या खडकांवर कुण्या जुन्या काळच्या लोकांनी माणसं, गुरं, शिकारी कोरून ठेवलेल्या. एक साहेब त्यांचे फोटो काढायचा, तेही रात्री, बाजूने बत्ती धरायला लावून. दिवसा ऊन डोक्यावर असलं की कोरलेल्या रेघा बुजतात. अंधारात आडवा उजेड टाकला की प्रत्येक रेघेला सावली येते आणि चित्र उठून उभं राहतं. ही विद्या शिकून मानसिंग परत आला आणि सांगलीत फोटोचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे काय, ताजमहाल रंगवलेला एक पडदा आणि एक मोडकी खुर्ची. नवरानवरी त्या खुर्चीत जीव मुठीत धरून बसायची.

सांगलीतल्या एका हळदीच्या अडत्याचा पोरगा, नानासो, त्याच्याकडे फोटो काढायला शिकत होता. नवा कॅमेरा, नवी हौस. आणि घोंगडी विकायला येणारा भाऊसो नावाचा एक मेंढपाळ दुकानात टेकायचा. तो एकदा म्हणाला, असली कोरलेली माणसं आमच्याकडंबी हायती की. जतकडच्या माळावर, आमच्या वस्तीला लागून. झालं. नानासोला दम निघेना. भाऊसोनेच दिवस ठरवून दिला आणि म्हणाला, मी फिरवून दाखवतो, तुम्ही फक्त फोटो काढा.

सेहेचाळीस साल. मार्गशीर्षातली सोमवती अमावास्या. वस्तीवरचे सगळे बाप्ये जेजुरीला गेलेले. मागे राहिला होता एकटा भाऊसो, त्याची म्हातारी आई धोंडुबाई, आणि त्यांची मेंढरं. खंडोबाची सोमवती सोडून हा गडी घरी का थांबला, हे मानसिंगला दुपारी माळ तुडवताना कळलं. सडकेच्या खडीसाठी एका ठेकेदाराला तो खडक हवा होता. मंगळवारी सकाळी सुरुंग लागणार होता. खडक गेला की भोवतालचा माळ जाणार, माळ गेला की मेंढरांनी चरायचं कुठं? भाऊसोने चावडीवर पाया पडून बघितलं होतं. कुणी दाद दिली नव्हती.

माळ म्हणजे नुसता वाळून कोळ झालेला. कुसळं, निवडुंग, काळे धोंडे. चालून चालून नानासोच्या नव्या बुटांनी त्याच्या टाचा सोलल्या. मग एक उतार लागला आणि खालून भुईतून वर आलेला तो आडवा खडक, दोन बैलगाड्या उभ्या राहतील एवढा. त्याच्यावर माणसं कोरलेली. सगळ्यांच्या हातात कुऱ्हाडी, सगळ्यांचे हात वर. आणि मधोमध एकजण पडलेला, त्याचेही हात वर, पण रिकामे. मारणाऱ्यांना नाक नाही, डोळे नाहीत. कोरणाऱ्याने बोटं मात्र काढलेली. प्रत्येक हाताला तीन.

वस्तीवरचे लोक त्यांना कुऱ्हाडवाले म्हणत. पूजा नाही, नवस नाही. तिथून जायची वेळ आली तर मान खाली घालून जायचं, एवढंच. नानासोने विचारलं, हे देव का? तर भाऊसो म्हणाला, देव न्हवं, खुनी हायती.

अंधार पडेपर्यंत तिघं वस्तीवर आले. धोंडुबाईने बाजरीची भाकरी केली होती. नानासोने सांगलीहून पितळी डबा आणलेला. मेंढपाळाच्या खोपीत जेवायचं त्याच्या जिवावर आलं होतं, तो बाहेर धोंड्यावर बसून आपली पुरणाची पोळी खात बसला. मानसिंग पलटणीतला, त्याला कसली लाज? त्याने चुलीपुढे मांडी ठोकून दूध-भाकरी ओरपली. म्हातारी खूश झाली. भाऊसोच्या पाठीवरची दोन लेकरं गेली होती. म्हणाली, "माज्या हातची भाकर खाल्लीस. आता तूबी घरचाच रं."

इथे तात्या थांबले. कुडापाशी घोंगडं हललं. जोतिबा चिपाड चुलवाणात घालायचा तो हातातच धरून राहिला. मग जाळ कमी झाला म्हणून काहिलीपाशी गूळ शिजवणारा गुळव्या ओरडला आणि तात्या पुढे बोलू लागले.

रात्री तिघं पुन्हा खडकावर गेले. म्हातारी खोपीत निजलेली. मानसिंगने कॅमेरा तिपाईवर चढवला आणि उजेडाची भुकटी पत्र्याच्या पाळ्यात भरली. ती पेटवली की क्षणभर दिवस होतो, मग धूर आणि आधीपेक्षा दाट अंधार. तो तयार झाला तेवढ्यात बघतो तर भाऊसो खडकावर ओणवा. तेलात कालवलेला शेंदूर बोटाने रेघांत भरतोय.

हीच त्याची युक्ती होती. सकाळी सुरुंगवाले आले की त्यांना शेंदूर दिसायला पाहिजे होता. शेंदूर लागला की तो दगड राहत नाही, देव होतो, आणि देवाला सुरुंग लावणारा माणूस आपल्या मुलखात अजून जन्मायचाय. वर फोटोचा पुरावा. मानसिंगने सांगितलं की बाबा, तांबडं आमच्या फोटोच्या काचेवर उमटत नाही, काळंच येतं, खडकही काळा, तुझा देव फोटोत दिसायचाच नाही. भाऊसो म्हणाला, नसू दे दिसत. ज्याला दिसायचा त्याला दिसंल.

त्याने एकेका कुऱ्हाडवाल्याला शेंदराने भरून काढलं. पडलेल्या माणसापाशी आला तेव्हा शेंदूर संपला. मग तो हात जोडून उभा राहिला आणि मोठ्याने नवस बोलला.

"खडक राखा. वर्साला घरचं एक डोकं तुमचं."

आता मेंढरं राखणारा माणूस मेंढरं डोक्यांनी मोजतो. कळपात किती डोकी आहेत, असंच विचारतात. आणि मेंढराला तो घरचंच म्हणतो, ते घरचंच असतं. भाऊसोच्या मनात मेंढरू होतं, आजही माझी खात्री आहे. पण ऐकणाऱ्याला मेंढरं ठाऊक असतील कशावरून? त्यांनी जन्मात एकच काम केलेलं...

मानसिंगने पहिला उजेड केला. सगळं जागच्या जागी होतं. कुऱ्हाडवाले, मधला पडलेला. नानासो खुशीत ओरडला.

काच बदलली. भुकटी भरली. दुसरा उजेड.

खडकावर फक्त पडलेला माणूस होता.

नानासो म्हणाला, धूर आडवा आला. मानसिंगला ते पटेना. बाजूच्या उजेडात रेघेला सावली येतेच येते. शेंदूर भरल्याने रेघ बुजली असेल, असं त्याने मनाला सांगितलं.

तेव्हा मेंढरं ओरडली. सगळी एकदम. मेंढरू रात्री सहसा ओरडत नाही, कापतानाही गप असतं. भाऊसो मेंढरांच्या वाड्याकडे धावला. लांडगा असेल म्हणून हाळी देत धावला. हाळी मध्येच तुटली.

मग आवाज. ओलं लाकूड फोडताना येतो तसा.

पुन्हा.

पुन्हा.

मानसिंगने लढाई बघितलेली. माणूस मरताना कसा आवाज करतो ते त्याला माहीत होतं. तो काठी घेऊन अंधारात घुसला. पायाखाली मऊ काहीतरी आलं... ऊन ऊन ओलं. मागे नानासोने नवी काच घालून कॅमेरा वाड्याकडे वळवला आणि घाबरून तिसरी भुकटी पेटवली. क्षणभर सगळं दिसलं.

भाऊसो उभा होता. दोन्ही हात वर. हात रिकामे. आणि त्याच्या भोवती... तांबडे. सगळे तांबडे. तोंडं नसलेले. एका कुऱ्हाडीने त्याचा खांदा उतरवला. दुसरी त्याच वेळी मानेत बसली. तरी तो उभाच. ते त्याला पडू देत नव्हते...

अंधार.

मानसिंग ओरडत पुढे गेला. तेवढ्यात त्याच्या पाठीवर कुणीतरी पंजा ठेवला. गार, तेलकट पंजा. मारला नाही. नुसता टेकला, आणि त्याला हळूच बाजूला सारलं. खाटीक त्या दिवशी कापायचं नसलेलं मेंढरू बाजूला सारतो, तसं.

तात्या पाणी प्यायले. काहिलीतल्या रसाला आता मोठे बुडबुडे यायला लागले होते.

सकाळी भाऊसोचं धड वाड्याच्या तोंडाशी सापडलं. डोकं खडकावर होतं. पडलेल्या माणसाच्या शेजारी नीट ठेवलेलं, फेट्यासकट. मेंढरांतल्या एकाच्याही अंगाला ओरखडा नव्हता. सुरुंगवाले आले, त्यांनी शेंदूर बघितला, डोकं बघितलं, आणि पहारी तिथेच टाकून पळाले. पुन्हा कुणी त्या माळाचं नाव काढलं नाही. खडक राखला. नवस पुरता फळला.

पोलिसांनी दरोडा म्हणून लिहून घेतलं. तिसरी काच धुतली तेव्हा तिच्यावर भाऊसो एकटाच होता, हात वर करून. तांबडं काचेवर उमटत नाही. नानासोने त्या दिवसापासून कॅमेऱ्याला हात लावला नाही, हळदीच्या पेढीवर बसतो, सुखात आहे. त्याने त्या घरचं काही खाल्लं नव्हतं ना.

मानसिंगच्या सदऱ्यावर पाठीत शेंदराचा पंजा होता. तीन बोटांचा. धोंडुबाईने तो बघितला आणि पोराच्या धडापाशी बसलेली म्हातारी उठून उभी राहिली. आपल्याकडे पुढच्या जत्रेसाठी बोकड निवडतात, त्याच्या पाठीवर शेंदूर-भंडारा लावून मोकळा सोडतात. देवाला सोडलेला म्हणतात. मग त्याला कुणी बांधत नाही, कुणी मारत नाही. खाऊन पिऊन फिरतो बापडा, दिवस येईपर्यंत.

म्हातारीने त्याला पोटाशी धरलं आणि हंबरडा फोडला. "माज्याच तोंडानं तुला घरचा म्हनलं रं लेकरा. जीभ का झडली न्हाई माजी."

सदरा धुतला, जाळला. दुसरा घातला, त्याच्यावर पंजा उठला. पाठ वाळूने घासली तर कातडी सोलली, पण पंजा गेला नाही. मी स्वतः बघितलाय. मी, ज्याने तुम्हाला भुतं नसतात म्हणून छड्या मारल्यात.

मागच्या साली तीच अमावास्या जवळ आली तेव्हा मानसिंग बोकड घेऊन माळावर गेला. म्हातारीने बोकड ठेवून घेतला आणि त्याला परत धाडला. म्हणाली, "घरात आजून मी हाय. आदी माजा नंबर. आनि म्हातारीचं डोकं घेऊन तेंचं पोट भरलं, तर तू सुटलास." लेकरासारखा धरला होता तिने त्याला. त्या रात्री ती आपल्या पायांनी जाऊन खडकावर बसली, बोकड जवळ बांधून. सकाळी लोकांनी बघितलं. बोकड तिच्या धडाशेजारी रवंथ करत होता.

पण नवस वर्साला होता रे. एकदाचा नव्हता.

तात्यांनी गोष्ट तिथेच सोडली. चुलवाणात चिपाड फुटलं तसे आम्ही सगळेच दचकलो. जोतिबा चुलवाणापासून मागे सरकला.

"तात्या... आज कंची तिथ?"

तात्यांनी पाहुण्याकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. तेव्हा कळलं की हा माणूस पाठ का दाखवत नाही. मानसिंगच होता तो. तो आमच्याकडे बघून कसनुसा हसला आणि म्हणाला, "पहाट हुईस्तोवर बसा गड्यानू माज्याजवळ. लय उपकार हुतील."

आम्ही बसलोच असतो. पण गुळव्याने हाळी दिली. पाक आला होता. पाक आला की काहील तिथल्या तिथे उतरवावी लागते, घटकाभर उशीर झाला तर वर्षाचा ऊस जळून कोळसा होतो. आणि काहील उतरवायला सगळे हात लागतात. तात्या म्हणाले, दोघं थांबा इथं. गुळव्या म्हणाला, दोघं कमी पडली तर समदी भाजून मरू. पाहुणाच म्हणाला, जावा, कूड हाय की पाठीला.

आम्ही काहिलीला दांडे घातले. तात्यांनी कंदील धरला. सगळ्यांच्या पाठी खोपटाकडे झाल्या. काहील उचलली, चार पावलं नेली, गूळ थिजवायच्या वाफ्यात ओतली. वाफेने कुणाला काही दिसेना.

मागे ओलं लाकूड फोडल्यासारखा आवाज आला.

एकदाच.

आम्ही धावलो. घोंगडं बसल्या माणसासारखं उभंच होतं. आत कोणी नव्हतं. मागचा कूड वरपासून खालपर्यंत चिरलेला, आणि चिरेतून रक्त आत ओघळत होतं. बाहेर उसात सरीतून काहीतरी ओढत नेल्याची वाट... कंदील घेऊन तात्याच पुढे गेले. तिसऱ्या सरीत त्यांनी कंदील खाली ठेवला आणि मटकन बसले. मानसिंग होता. धड होतं. आम्ही दिवस उजाडेपर्यंत शोधलं, बाकीचं मिळालं नाही. तात्या लहान पोरासारखे रडत होते. एवढ्या माणसांत आणला होता रे मी त्याला, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

त्याची पाठ कोरी होती. पंजा नव्हता तिथे.

उन्हं वर आल्यावर गुळव्याने आम्हाला वाफ्यापाशी बोलावलं. रात्री ओतलेला गूळ थिजला होता. ओतल्या ओतल्या त्यात बोट घातलं तर हाडापर्यंत भाजतं, कुणी हात लावायचा प्रश्नच नाही. पण मधोमध पंजा उमटला होता. खोल, नीट टेकलेला. तीन बोटांचा.

जोतिबाने तो पंजा पाहिला. मग त्याने खिशातली शेंदराची पुडी काढून चुलवाणात टाकली. पाहुण्याला 'आमच्या घरचंच' तोच म्हणाला होता. गूळ त्याच्या घरचा होता.